साडी आमची, अंग कुणाचं?

कुणबी साडीच्या शूटसाठी काळी नदीच्या काठी आलेल्या ताईंना अनावृत पत्र

ताई,

पत्राची सुरुवात ‘सप्रेम’ने करायची आमची रीत. या खेपेला हात वळला नाही.

तुम्ही गणेशगुडीला उतरलात आणि आमच्याशी मराठीत बोललात, तेव्हा आम्ही हरखून गेलो होतो. कर्नाटकातल्या जोयड्याच्या या रानात बाहेरचं माणूस येतं ते वाघ बघायला, नाहीतर नदीत राफ्टिंग करायला. आमची साडी बघायला कोणी आलं, याचंच अप्रूप. कुणबी साडी तिच्या मूळच्या मातीत दाखवायची आहे, नेसवायला जाणती बाई हवी, असं तुम्ही म्हणालात. मी भाचीला पाठवलं. आजीच्या हाताखाली शिकलेली पोर. दिवसभर तिने तुमच्या मुलींना साड्या नेसवल्या. दुपारी तुमच्यातलंच कोणी म्हणालं, हिलाही एका फोटोत उभी करा की. तुम्ही तिला नखशिखांत न्याहाळलंत आणि शेजारच्या बाईंना म्हणालात, “नको गं, ही भरलेली आहे. फ्रेम जड होईल.”

तिला मराठी कळतं, ताई.

ती पाच फूट एक इंच, 52 किलो. बीएमआय साडेएकवीसच्या आसपास. मी अंगणवाडीत काम करते. माझ्या रजिस्टरात एखाद्या बाईचा असा आकडा निघाला, तर त्या दिवशी मला घरी जाऊन जेवण गोड लागतं. आमचं काम म्हणजे पोरांच्या दंडाला पट्टी लावायची. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की धावपळ सुरू. गरोदर बाई 45 किलोच्या आत असली की नऊ महिने जिवाला घोर. कर्नाटकात 2017 पासून मातृपूर्णा योजना आहे. गरोदर आणि बाळंत बायकांना अंगणवाडीत बसवून गरम जेवण द्यायचं, वर अंडं, दूध, शेंगदाण्याची चिक्की. चिक्की पदरात बांधून घरच्या पोरांसाठी नेऊ नका, इथेच खा, हे सांगता सांगता माझा घसा बसतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे जवळपास एकोणीस जणींचा बीएमआय 18.5 च्या खाली निघाला. सत्तावन्न जणींच्या अंगात रक्त कमी. आम्ही बायकांना त्या 18.5 च्या वर किलोकिलोने ढकलतो आहोत, आणि तुम्ही त्याच्या खालच्या मुली निवडून आणता.

तुमच्या त्या सगळ्यात उंच मुलीचं सांगते. भाचीने नेसवलेली साडी तिच्या अंगावर ठरेना. मग तुमच्या माणसांनी पाठीमागून काळे क्लिप लावून कापड आवळलं. फोटो समोरून, त्यामुळे चालतं म्हणे. खांद्यावरची गाठ पुन्हा पुन्हा हाडावरून घसरायची, आणि ते हाडच नीट दिसावं म्हणून कॅमेरावाला दिवा हलवत होता. पोरगी सकाळपासून काळी कॉफी आणि काकडीच्या चार चकत्यांवर. भाचीने डब्यातली उकडलेली मुडली, आमच्याकडचं कंदमूळ, पुढे केली. हातात घेतली, वास घेतला, परत ठेवली. म्हणाली, “उद्या, शूट संपल्यावर.” पाच फूट नऊ इंच उंची आणि वजन 47, हे तिनेच हसत सांगितलं. मी घरी हिशेब केला. पंधराच्या जरा वर. सोळाच्या खाली गेलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात ते तीव्र कृशतेत मोडतं. त्या पोरीवर माझा काडीचा राग नाही. माझ्या अंगणवाडीत आली असती तर आधी जेवायला बसवलं असतं.

आणि ती गाठ शोभेची नाही हो. रोप लावताना वाकलं तरी पदर चिखलात लोळू नये, दोन्ही हात मोकळे राहावेत, म्हणून ती खांद्यावर. साडी आखूड, कारण पाय चिखलात. हे लुगडं राबणाऱ्या अंगासाठीच विणलेलं. हातमागावरची ती जाड, तांबड्या चौकड्यांची साडी आमच्याकडेही आता उरली नाही. उरली आहे ती नेसायची तऱ्हा. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी 2010 च्या सुमारास ही साडी पुन्हा विणून घेतली, रॅम्पवर नेली. गोव्याच्या पेहरावावर ‘मोडा गोवा’ हे पुस्तकही लिहिलं. त्यांचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. ते नसते तर तुम्हाला आमचा पत्ताही लागला नसता. पण साडीला मान मिळाला म्हणजे तो नेसणारीलाही मिळाला, असं होत नाही, हे तुम्ही दाखवून दिलंत. (जाता जाता सांगते. गोव्यातल्या कुणब्यांना 2003 साली अनुसूचित जमातीत घेतलं. सीमेच्या अलीकडचे आम्ही अजून अर्ज करतोय. आमचं सगळंच असं.)

कपडा सडपातळ अंगावरच उठून दिसतो, हा तुमच्या धंद्याचा नियम, असं तुम्ही भाचीला समजावलंत. नियम कधीपासूनचा? 1938 च्या ‘ब्रह्मचारी’ चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात आल्या आणि उभा महाराष्ट्र हादरला. चांगल्या भरल्या अंगाच्या बाई. त्यांचीच नात नम्रता 1993 मध्ये मिस इंडिया झाली. दोघींचे फोटो शेजारी ठेवून बघा, दोन पिढ्यांत माप कुठल्या कुठे गेलं ते दिसेल. नागपूरची मॉडेल मधू सप्रे तर मैदानावरून आलेली खेळाडू. तेव्हा नियम बदलतो, बदलणारी माणसं असतात, आणि त्यात तुम्हीही आहात.

मुली मरेपर्यंत वाट बघायची का? ऑगस्ट 2006 मध्ये उरुग्वेची लुइसेल रामोस रॅम्पवरून उतरली आणि कोसळली. वय बावीस. पुढच्या फेब्रुवारीत तिची अठरा वर्षांची बहीण गेली, तीही मॉडेल. मधल्या नोव्हेंबरात ब्राझीलची आना कारोलिना रेस्टन गेली, तेव्हा तिचं वजन 40 किलो होतं. 2006 मध्येच माद्रिदच्या फॅशन वीकने 18 च्या खाली बीएमआय असलेल्या मुलींना रॅम्प बंद केला. इस्रायलने 2012 मध्ये तसाच कायदा केला. फ्रान्समध्ये 2017 पासून डॉक्टरचा दाखला लागतो. नसला तर एजन्सीला 75,000 युरोपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद. फोटोत अंग बारीक किंवा जाड केलं असेल, तर तसं जाहिरातीवर छापावं लागतं. आपल्याकडे यातलं काही नाही. आंबा पिकवायला कार्बाइड वापरलं तर गुन्हा, पोरगी वाळवली तर मुखपृष्ठ.

भाची त्या दिवसापासून रात्रीची जेवत नाही. दांडेलीला मैत्रिणीकडे खाऊन आले, असं आईला सांगते. मैत्रिणीला विचारलं, तर ती गप्प. हिवाळ्यात जोयड्यात कंदमुळांचा मेळा भरला की आमच्या बायका हातभर लांबीची मुडली मांडून बसतात, शहरातली माणसं तिच्यासोबत फोटो काढतात. भाची दरवर्षी आईच्या शेजारी बसायची. यंदा म्हणाली, मी मागे थांबते, गिऱ्हाइकांना सुटे पैसे देईन. घरी कणगीचे कंद उकडले की ती ताटातले अर्धे भावाकडे सरकवते, “यात पिष्ट असतं” म्हणून. हे फोनमधून आलेलं ज्ञान. तिच्या आजीने ज्यावर पावसाळे काढले, ते आता अंगावर चढतं म्हणून वाईट. तुमच्या एका वाक्याने एवढं सगळं झालं, असं मी म्हणत नाही. फोनमध्ये तर रोजच चाललेलं असतं. पण फोनमधली माणसं आमच्या पडवीत बसून चहा पिऊन गेली नव्हती. तुम्ही गेलात.

मासिकाचा अंक तुम्ही आठवणीने पाठवलात. आठ पानं फोटो, आणि पहिल्या पानावर ‘काळी काठच्या कुणबी स्त्रीला मानवंदना’. आठही पानांत एकही कुणबी स्त्री नाही. फक्त एका फोटोच्या कडेला गाठ मारणारा एक हात आलाय, मनगटाच्या वर कापलेला. तो भाचीचा, हिरव्या बांगड्यांवरून ओळखला.

तर मागणी एवढीच. इंटरनेटवर हेच फोटो जिथे जिथे टाकलेत, तिथून ते मानवंदनेचं वाक्य काढा. काढायचं नसेल, तर पुन्हा या, आणि येताना मुलीच्या मापाचे कपडे आणा, कपड्याच्या मापाची मुलगी नको. भाची उभी राहील की नाही, ते तिचं ती ठरवेल. मी भरीस पाडणार नाही. तुमच्या त्या उंच मुलीला मात्र डॉक्टरकडे न्या, आधी.

साड्या नेसवल्याचे पैसे वेळेवर मिळाले. त्याबद्दल काही म्हणणं नाही.

आपली,
जोयडा तालुक्यातली एक अंगणवाडी कार्यकर्ती