विश्लेषण : नियमांनी ‘मसल कार’ संपवली की अधिक वेगवान केली?

लांबलचक बॉनेट, घुमणारा आवाज आणि भरपूर ताकद ही १९६०च्या दशकातील अमेरिकी ‘मसल कार’ची ओळख. प्रदूषणाचे नियम आले आणि ही गाडी संपली, अशी हळहळ आजही तिचे चाहते व्यक्त करतात. जुन्या आणि नव्या गाड्यांची तुलना केली तर मात्र वेगळेच चित्र दिसते.

मसल कार म्हणजे काय?

मध्यम आकाराच्या, परवडणाऱ्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवायचे, हे तिचे सूत्र. १९६४ची पॉन्टिअ‍ॅक जीटीओ ही या प्रकाराची सुरुवात मानली जाते. अशा गाड्यांत ३३० घन इंचांहून मोठे इंजिन घालण्यास जनरल मोटर्सची मनाई होती. जॉन डीलोरियन आणि सहकाऱ्यांनी पळवाट काढली आणि टेम्पेस्ट या मॉडेलवर ३८९ घन इंचांचे (६.४ लिटर) इंजिन ‘पर्याय’ म्हणून दिले. १९७०च्या शेव्हर्ले शेव्हेल एसएस ४५४ मध्ये ही चढाओढ ७.४ लिटर आणि ४५० अश्वशक्तीपर्यंत पोहोचली.

हे आकडे खरे होते का?

ते ‘ग्रॉस’ पद्धतीचे होते. इंजिन गाडीबाहेर ठेवून, एअर फिल्टर, सायलेन्सर वगैरे न जोडता ताकद मोजली जाई. १९७२ पासून सर्व जोडण्यांसह ‘नेट’ ताकद सांगण्याची पद्धत रूढ झाली आणि कागदावरचे आकडे घसरले. त्यातील काही घसरण खरी होती, तर काही केवळ मोजपट्टी बदलल्यामुळे होती.

आजच्या गाड्या किती पुढे?

ती शेव्हेल ताशी ० ते ९६ किलोमीटरचा वेग सुमारे सहा सेकंदांत गाठत असे. २०२०च्या कॉर्व्हेट स्टिंगरेला त्यासाठी २.९ सेकंद पुरतात, असा कंपनीचा दावा आहे. तिचे इंजिन ६.२ लिटरचे, ताकद ‘नेट’ ४९५ अश्वशक्तीपर्यंत. महामार्गावर ती लिटरला अधिकृतपणे साडेअकरा किलोमीटर धावते. कुटुंबाच्या गाडीची तुलना दोन आसनी स्पोर्ट्स कारशी करणे अन्यायाचे वाटत असेल, तर २०२४ची मस्टँग पाहावी. तिचे चार सिलिंडरचे, २.३ लिटरचे इंजिनही ‘नेट’ ३१५ अश्वशक्ती देते. शिवाय जुन्या अनेक मसल कारना चारही चाकांना ड्रम ब्रेकच असत. धावण्याची ताकद होती, थांबण्याची तेवढी नव्हती.

मग नियमांनी नुकसान केले नाही?

केले, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. १९७०च्या ‘क्लीन एअर अ‍ॅक्ट’ने गाड्यांच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन ९० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन घातले. शिसेविरहित पेट्रोलवर चालावे म्हणून इंजिनांचे कॉम्प्रेशन कमी करण्यात आले. त्यात विम्याचे हप्ते वाढले आणि १९७३चे तेलसंकट आले. १९७५च्या कॉर्व्हेटचे मूळ ५.७ लिटरचे इंजिन जेमतेम १६५ अश्वशक्ती देई. त्या दशकातील ग्राहकांनी जास्त पैसे मोजून मंद गाड्या घेतल्या.

फायदा कसा झाला?

धूर शुद्ध करणारा तिहेरी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट चालण्यासाठी हवा आणि पेट्रोलचे प्रमाण जवळपास अचूक लागते. कार्बोरेटरला ते जमणारे नव्हते. म्हणून ऑक्सिजन सेन्सर, छोटा संगणक आणि फ्युएल इंजेक्शन आले. फ्युएल इंजेक्शन १९५७च्या कॉर्व्हेटमध्येही मिळत होते, पण महागडा पर्याय म्हणून. ते साध्या गाडीपर्यंत पोहोचवण्यात नियमांचा मोठा वाटा आहे. हाच संगणक पुढे प्रत्येक ठिणगीची वेळ सांभाळू लागला. त्यामुळे १९७०च्या शेव्हेलला ११.२५ कॉम्प्रेशनसाठी शिसेयुक्त पेट्रोल लागे, तर आजची कॉर्व्हेट शिसेविरहित पेट्रोलवर ११.५ कॉम्प्रेशन पेलते. टायर, ब्रेक आणि गिअरबॉक्समधील प्रगती तसेच जपानी कंपन्यांची स्पर्धा यांचेही श्रेय आहेच. पण आजची नवी गाडी प्रमुख प्रदूषकांच्या बाबतीत १९७०च्या गाडीपेक्षा सुमारे ९९ टक्के स्वच्छ आहे, असे अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था सांगते. वेग आणि स्वच्छता हातात हात घालून वाढल्या.

हा वाद आज महत्त्वाचा का?

इंधन कार्यक्षमतेचे निकष न पाळणाऱ्या कंपन्यांवरील दंड अमेरिकेने २०२५ मध्ये शून्यावर आणला. नियम सैल केले की जुने वैभव परतेल, ही भावना त्यामागे बळ धरून आहे. पण इतिहासाचा धडा उलटा आहे. नियमाची किंमत आधी मोजावी लागते आणि फळ उशिरा मिळते. १९७५ मध्येच हिशेब बंद केला असता तर तो तोट्याचाच दिसला असता. कंपन्यांना मुदत वाढवून द्यावी, निकष गाठण्याची वाट त्यांनाच निवडू द्यावी. पण निकषच सोडून देणे म्हणजे पुढच्या इंजिनाची गरजच काढून घेणे. जुन्या शेव्हेलचा आवाज आणि देखणेपण जरूर जपावे. तिच्या आठवणीपोटी स्वच्छ हवेच्या नियमांना गुन्हेगार ठरवू नये.