राष्ट्राध्यक्षही गावच्याच मातीत

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात व्हरमाँट नावाचे लहानसे डोंगराळ राज्य आहे. त्यातली विंडसर कौंटी आपल्या मनातल्या अमेरिकेशी मुळीच जुळत नाही. कौंटी म्हणजे ढोबळमानाने जिल्हा. पण या जिल्ह्याची वस्ती २०२० च्या जनगणनेत जेमतेम ५८ हजार. एखाद्या मुलखाचे राजकारण समजून घ्यायचे तर आपण निवडणुकीचे आकडे चाळतो. इथे मात्र गावोगावच्या दफनभूमीत डोकवावे.

प्लिमथ हे सुमारे सहाशे वस्तीचे गाव. तिथल्या डोंगरउतारावरच्या दफनभूमीत अमेरिकेचे तिसावे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज १९३३ पासून विसावले आहेत. ना घुमट, ना छत्री. साधा दगड, त्यावर नाव, तारखा आणि राष्ट्राध्यक्षपदाची मुद्रा. जवळच पत्नी ग्रेस, १९२४ मध्ये सोळाव्या वर्षी गेलेला मुलगा आणि वडील जॉन कूलिज.

हे वडील म्हणजे खरे गावपुढारी. शेती आणि दुकान सांभाळून त्यांनी गावातली कितीतरी पदे भूषवली. राज्याच्या दोन्ही सभागृहांतही ते बसले. शिवाय ते नोटरी होते. २ ऑगस्ट १९२३ रोजी राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांचे निधन झाले तेव्हा उपाध्यक्ष कूलिज वडिलांकडे आले होते. घरात टेलिफोन नव्हता. मध्यरात्रीनंतर निरोप आला आणि पहाटे २ वाजून ४७ मिनिटांनी, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात, वडिलांनी मुलाला देशाच्या सर्वोच्च पदाची शपथ दिली. राज्याच्या नोटरीला तो अधिकार आहे का, अशी शंका पुढे निघाली आणि वॉशिंग्टनमध्ये एका न्यायाधीशापुढे गुपचूप दुसरी शपथ झाली. पण लोकांच्या स्मरणात राहिली ती गावातलीच.

शेजारच्या वुडस्टॉकमध्ये जेकब कॉलमर यांचे थडगे आहे. कौंटीचे सरकारी वकील, पुढे देशाचे पोस्टमास्टर जनरल आणि सिनेटर. त्यांचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये उभा आहे. देह मात्र १८६५ पासून गावच्या मातीत. विंडसर गावात विल्यम एव्हर्ट्स आहेत. राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरील १८६८ च्या महाभियोगात बचाव करणारे हे वकील पुढे परराष्ट्रमंत्री आणि न्यूयॉर्कचे सिनेटर झाले. दफन मात्र इथे.

आता प्रश्न असा, की या दगडांभोवतीचे गवत कापते कोण? व्हरमाँटमध्ये सार्वजनिक दफनभूमीची जबाबदारी गावाची. गावाने ठरवले तर त्यासाठी स्वतंत्र आयुक्त निवडून दिले जातात; नाहीतर ते काम गावच्या निर्वाचित मंडळाकडेच राहते. मार्चच्या पहिल्या मंगळवारी गावसभा भरते, तिथे कुंपण आणि गवतकापणीचा खर्चही चर्चेला येऊ शकतो.

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला यातली एक बाब विशेष खुणावते. जुन्या काळी अनेक कुटुंबे ‘कायमच्या देखभाली’साठी ठेव ठेवत, मुद्दल तसेच राहावे आणि व्याजातून थडग्याची निगा व्हावी, हा हिशेब. पण व्याज महागाईशी पळू शकत नाही. शंभर वर्षांपूर्वी पुरेशी वाटलेली रक्कम आज कापणीच्या मजुरीलाही अपुरी. उरलेली तूट भरतो गावाचा कर आणि फुकट किंवा नाममात्र मानधनावर राबणारा एखादा शेजारी. लहान गावांत अशा पदांना माणूस मिळणे अवघड होत चालले आहे. तरुण शहरांकडे जातात, उरलेल्यांच्या खांद्यावर चार-चार जबाबदाऱ्या पडतात.

दरवर्षी ४ जुलैला, कूलिज यांच्या जन्मदिनी, व्हाइट हाउसकडून त्यांच्या थडग्यावर पुष्पचक्र येते. त्याचा मान मोठाच. पण तो सोहळा एका सकाळचा. बाकीचे दिवस गावालाच निभवावे लागतात, आणि जॉन कूलिज यांच्यासारखी, लहान पदे मनापासून सांभाळणारी माणसे गावात राहिली तरच ते निभतील. हा प्रश्न केवळ मृतांच्या मानाचा नाही. गावाने आपला कारभार आपण चालवायचा की नाही, याचा आहे.