किती वेळ?

गावच्या घरी बाबांची जुनी डिझेल जीप आहे. महिना महिना उभी असते, बॅटरी उतरते. गाडी बंद असतानाही घड्याळ, अलार्म वगैरे थोडा करंट पीतच असतात. ५० मिलिअँपिअर म्हटलं तरी दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले, म्हणजे दोन महिन्यांत ७०-७२ अँपिअर-अवरची बॅटरी पार रिकामी. म्हणून गेल्या दिवाळीत मी मोठ्या ऐटीत लाल खुंटीचा कट-ऑफ स्विच नेऊन बसवला. त्यावर ठळक छापलं होतं '२०० अँपिअर'. "बाबा, घराचा मेन स्विच ६३ चा असतो, हे तर भरपूर झालं!" इति अस्मादिक.

मग एका थंड सकाळी काकूला दवाखान्यात न्यायचं होतं. जीप लवकर सुरू होईना. बाबांनी सात-आठ वेळा सेल्फ मारला आणि बॉनेटमधून प्लास्टिक जळाल्याचा वास आला. खुंटी वितळून वाकडी झालेली. शेवटी शेजाऱ्यांची रिक्षा. काकू वेळेवर पोचली, पण फोनवर बाबा एवढंच म्हणाले, "तू म्हणालास ना, भरपूर आहे म्हणून?"

पाकीट शोधून काढलं. मागे बारीक अक्षरात: २०० अँपिअर, ५ सेकंद. सतत ५० अँपिअर.

चूक दुकानदाराची थोडी, माझी जास्त. अशा डिझेल इंजिनाचा सेल्फ ३०० अँपिअर सहज ओढतो, पहिल्या क्षणी त्याहून अधिक. आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. स्विचच्या आत १ मिलिओहम अडथळा धरा. दिव्यांचे २० अँपिअर गेले तर ०.४ वॅट, हाताला कळणारही नाही. ३०० गेले तर ९० वॅट! सोल्डरिंगचं साधं आयर्न २५ वॅटचं असतं. एकदा सेल्फ मारून थांबलं तर तांबं निवतं. बाबांनी त्याला निवायला वेळच दिला नाही, आणि माझ्या स्विचमध्ये तेवढी ताकदही नव्हती.

म्हणून माझं ठाम मत: नुसते अँपिअर छापणं म्हणजे अर्धवट सत्य आहे. प्रत्येक आकड्यापुढे विचारा, "किती वेळ?" सतत चालणारा आकडा अल्टरनेटर आणि सगळ्या उपकरणांपेक्षा मोठा हवा, थोड्या सेकंदांचा आकडा सेल्फपेक्षा मोठा हवा. आकडा डीसीचा आणि आपल्या व्होल्टेजचा आहे ना, हेही बघा. डीसीची ठिणगी एसीसारखी आपोआप विझत नाही. घरच्या मेन स्विचशी तुलना करून मी तीच गल्लत केली होती. आणि चालू इंजिनावर ही खुंटी फिरवू नका, व्होल्टेज उसळून अल्टरनेटरचे डायोड जातात. शिवाय हा स्विच म्हणजे फ्यूज नव्हे. शॉर्ट झालं तर तो स्वतःहून काही तोडणार नाही.

असो. नवा स्विच सतत ३०० अँपिअरचा, जुन्याच्या चौपट महाग. बसवून झाल्यावर बाबांनी आकडा चष्म्यातून वाचला आणि विचारलं, "किती वेळ?"

या वेळी मला उत्तर माहीत होतं.