नदीकाठचे काम आणि आपले हात

मागच्या वसंतात आपल्या गटातील काही कुटुंबे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स नदीकाठी साफसफाईच्या उपक्रमाला गेली होती. नागपूरहून मुलाकडे आलेले एक ज्येष्ठ गृहस्थही सोबत होते. नातवाने हातमोजे चढवून चिखलातला टायर ओढायला घेतला, तसे ते उठले आणि दूरच्या बाकावर जाऊन बसले. परतताना मुलाला एवढेच म्हणाले, "माझ्या बापानं गावचं हे काम सोडलं, म्हणून तू इथवर आलास." गाडीत कोणी काही बोलले नाही. मीही नाही.

हे म्हाताऱ्या माणसाचे खुळ म्हणून सोडून देता येणार नाही. मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याच्या पाण्यावर हक्क सांगितला, आणि त्याच परिषदेत मृत जनावराचे मांस, उष्टे-शिळे अन्न सोडून देण्याचे आवाहनही केले. पाणी आपले आहे आणि लादलेली घाण आपली नाही, या दोन्ही गोष्टी आपल्याला एकाच ठिकाणी मिळाल्या. मग परदेशातल्या नदीतला कचरा आपल्या मुलांनी का उचलावा?

उत्तर शोधताना या नदीचा इतिहास पाहावा लागतो. ती ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातून वाहते. १९०६ साली तिथल्या माकडांच्या इमारतीत ओटा बेंगा या काँगोच्या तरुणाला प्रदर्शनासाठी ठेवले होते. संस्थेने त्याबद्दल माफी मागितली ती २०२० मध्ये. या संग्रहालयाच्या संस्थापकांपैकी एक मॅडिसन ग्रँट. नदीकाठची घरे-दुकाने हटवून तिथे उद्यानमार्ग आखणाऱ्या आयोगाचा अध्यक्षही तोच. गोऱ्या वंशाच्या श्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे त्याचे पुस्तक १९१६ साली निघाले. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच शहरात, कोलंबिया विद्यापीठातील एका चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. (हा योगायोग आपल्या जयंतीच्या भाषणांत कधी ऐकल्याचे मला आठवत नाही.) नदी सुंदर करणे हे नेहमीच समतेचे काम असते, असे मुळीच नाही.

पण दक्षिण ब्राँक्समधली पुढची हकीकत वेगळी आहे. तिथे काठावर काँक्रीटचा एक कारखाना होता. तो १९८७ साली बंद पडला आणि जागा उकिरडा झाली. आसपास राहणारी माणसे बहुतांशी कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन, गरीब. त्यांनी, विशेषतः तिथल्या तरुणांनी, ती जागा उद्यानासाठी मागितली, त्यासाठी वर्षानुवर्षे भांडण केले, आणि २००९ मध्ये तिथे उद्यान खुले झाले. कारखान्याचे उंच सांगाडे आजही तसेच उभे आहेत. न्यूयॉर्कच्या उद्यानांत एरवी पान तोडायलाही मनाई असते. इथल्या एका भागात मात्र लावलेली फळे आणि औषधी वनस्पती लोकांनी खुडाव्यात अशी सोय आहे. २००१ साली स्थापन झालेली ब्राँक्स रिव्हर अलायन्स ही संस्था महापालिकेच्या उद्यान विभागाबरोबर नदीची देखभाल करते, मुलांना होडीतून नेते, स्वयंसेवकांकडून पाण्याची तपासणी करून घेते. जोराचा पाऊस झाला की सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच नळातून नदीत का उतरते, हे तिथले शाळकरी पोर नमुन्याची बाटली हातात धरून समजावून सांगते.

महारकीत कष्ट आपले होते, निर्णय गावाचा. फरक इथे आहे. या नदीकाठी जे राबले त्यांनीच उद्यान कसे असावे हेही ठरवले. काम हलके की भारी याने काही ठरत नाही. त्या कामाबरोबर बोलण्याचा अधिकार येतो की नाही, एवढेच मी विचारीन.

म्हणून आपल्या गटाच्या पद्धतीवर माझा आक्षेप आहे. वर्षातून एकदा जायचे, निळ्या टोप्या घालून पिशव्या भरायच्या, छायाचित्र काढायचे आणि डबे उघडायचे. असे असेल तर बाकावर बसलेले आजोबाच बरोबर होते. यंदा जायचे असेल तर मुलांना पाणी-तपासणीच्या प्रशिक्षणाला वर्षभर पाठवू, आणि उद्यानाच्या नियोजनाच्या सार्वजनिक बैठकांना आपल्यापैकी दोघे तरी नियमाने जातील. येत्या सभेत मी हा ठराव मांडणार आहे. तो नामंजूर झाला, तर पिशव्या वाटायला माझे नाव धरू नये.