वय वाढतं, वाचनाची आवड बदलते



आज एका चुकीपासून सुरुवात करते. चूक माझीच आहे, आणि ती तुमच्याकडूनही कधीतरी झाली असेल असं मला वाटतं.

मी माण तालुक्यातल्या एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते. वय 27. आमच्याकडे पुस्तकांचं एक लोखंडी कपाट आहे. शनिवारी सकाळची शाळा असते, तेव्हा शेवटच्या तासाला ते उघडायचं आणि मुलांनी वहीत सही करून पुस्तक घरी न्यायचं, असा आमचा नेम. गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने भुतांच्या गोष्टींचं एक पातळसं पुस्तक तिसऱ्यांदा उचललं. मी म्हटलं, "पुन्हा तेच? फालतू आहे ते. आता मोठा झालास, काहीतरी चांगलं वाच." आणि त्याच्या हातात वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दिलं. त्याने मुकाट्याने सही केली आणि गेला.

पुढचे चार शनिवार तो कपाटाकडे फिरकला नाही. पाचव्या शनिवारी पुस्तक परत आणून दिलं. एकही पान उलटलेलं नव्हतं. मी विचारलं, "दुसरं काही घेतोस?" तो म्हणाला, "नको मॅडम." मग मलाच कसंतरी झालं. मी ते भुतांचं पुस्तक काढून पुढे केलं. त्याने आधी पुस्तकाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "ते फालतू हाय नव्हं मॅडम? तुम्हीच म्हणला हुता."

माझाच शब्द माझ्याकडे परत आला. त्या दिवशी घरी येताना मी एसटीत बसून एकच विचार करत होते : मी स्वतः काय काय वाचत इथपर्यंत आले?

माझी खरी यादी

तुम्हीही तुमची यादी आठवून बघा. पण मुलाखतीत सांगतो ती नको, खरी आठवा.

माझी सुरुवात 'चांदोबा'पासून झाली. आत्याच्या घरी जुने अंक बांधून ठेवलेले होते. खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा विक्रम राजा आणि त्याला कोडं घालणारा वेताळ. उत्तरापेक्षा मला ते चित्र आवडायचं. दहाव्या वर्षी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे भेटला. फुरसुंगीचा हा काटकुळा बनेश सायकलवरून सुटला की मी त्याच्या मागच्या कॅरिअरवर बसलेली असायचे. बोलताना जिभेने 'ट्टॉक्' करायची सवय लागली म्हणून आईचा धपाटाही खाल्ला आहे.

तेराव्या वर्षी नारायण धारप. पांघरुणात बॅटरी घेऊन वाचायचे आणि मग रात्री पाणी प्यायला उठायचं धाडस व्हायचं नाही. सोळाव्या वर्षी व. पु. काळे. त्यांची वाक्यं वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवायची आणि मैत्रिणीला वाचून दाखवायची. त्याच काळात सुहास शिरवळकरांची 'दुनियादारी' वर्गात हातोहात फिरली. सतराव्या वर्षी शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने झपाटलं. कर्णावर झालेला प्रत्येक अन्याय मला स्वतःवर झाल्यासारखा वाटायचा. एकोणिसाव्या वर्षी नेमाडेंची 'कोसला' हातात पडली आणि अचानक वाटायला लागलं, की याआधी वाचलं ते सगळं बाळबोध होतं. वपुंची वाक्यं उतरवलेली ती वही मी माळ्यावर टाकून दिली.

आज या यादीकडे बघते तेव्हा दोन गोष्टी लक्षात येतात. एक म्हणजे, यातलं निम्मं मला कुणी 'वाच' म्हणून दिलेलंच नव्हतं. दुसरी, यातली एकही पायरी काढली असती तर पुढची आली असती की नाही, सांगता येत नाही. धारपांनी मला अडीचशे पानं एका बैठकीत वाचायची सवय लावली. ती सवय नसती, तर 'मृत्युंजय'चा जाडजूड ठोकळा मी हातात तरी घेतला असता का? आणि वपुंच्या ज्या वाक्यांची मला नंतर लाज वाटली, त्याच वाक्यांनी दहावीनंतरच्या एका वाईट वर्षात मला धरून ठेवलं होतं. ज्या शिडीने वर आलो तिलाच नावं ठेवणं बरं नाही.

अण्णांनी दिलेलं पुस्तक

आता उलटी बाजूही सांगते, कारण मोठ्यांनी मुलांना पुस्तकं सुचवूच नयेत असं माझं म्हणणं नाही.

माझ्या बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी मला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' दिली. आतल्या पानावर निळ्या शाईने माझं नाव आणि तारीख लिहिली. मी दहा पानं वाचली. माळ, मेंढरं, म्हातारा कारभारी. मला वाटलं, यात काही घडतच नाही! फास्टर फेणेने एवढ्यात दोन चोर पकडले असते. पुस्तक कपाटात गेलं. अण्णांनी एकदा विचारलं, "वाचलंस का गं?" मी "नाही आवडलं" म्हटलं. ते "बरं" म्हणाले. पुन्हा कधी विचारलं नाही.

चोविसाव्या वर्षी माझी पहिली नेमणूक झाली. शाळा माळावर, आजूबाजूला धनगरांची घरं. पहिल्या दिवाळीनंतर शाळा उघडली तर वर्गातली एक रांग रिकामी. काही मुलं ऊसतोडीला गेलेली, काही मेंढरांमागे. मी भाड्याच्या खोलीवर आले आणि का कोण जाणे, मला ते पुस्तक आठवलं. पुढच्या सुट्टीत घरून घेऊन आले आणि दोन रात्रींत संपवलं.

तीच दहा पानं. पण आता त्या पानांतून औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत नवखा, पोरसवदा मास्तर चालत येत होता, आणि त्याची धास्ती मला माझ्या पोटात कळत होती. मुलं मेंढरांमागे जातात, त्यांना शाळेत कसं आणायचं हा त्याचा प्रश्न माझ्या हजेरीपटावर होता. आणि शेवटी दुष्काळात वाडी उठून जाते, तिथे मला पुस्तक मिटून बसावं लागलं. 1955 साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी माझ्याविषयी आहे, हे बाराव्या वर्षी मला कळणं शक्यच नव्हतं.

मी अण्णांना फोन केला. "अण्णा, बनगरवाडी वाचलं." ते हसले आणि म्हणाले, "बारा वर्षं लागली होय? लागू देत. आवडलं का?"

विचार करा, त्यांनी बाराव्या वर्षीच मला दामटून बसवलं असतं, "रोज पाच पानं वाच आणि सारांश लिहून दाखव" असं केलं असतं, तर चोविसाव्या वर्षी मी त्या पुस्तकाला हात लावला असता का? मला नाही वाटत. नावडतं पुस्तक आपण विसरून जातो. सक्तीने वाचायला लावलेलं मात्र कायम लक्षात राहतं, आणि तेही वाईट कारणासाठी.

पुस्तक तेच असतं

वय वाढतं तशी फक्त पुस्तकं बदलत नाहीत, जुन्या पुस्तकांत दिसणारी माणसंही बदलतात. साने गुरुजींची 'श्यामची आई' मी तीनदा वाचली. नवव्या वर्षी मी श्यामसाठी रडले. पंधराव्या वर्षी चिडले, की केवढी ही रडारड आणि केवढा हा उपदेश! गेल्या वर्षी मुलांना वाचून दाखवताना मला श्याम दिसलाच नाही. दिसली ती त्याची आई. कर्ज वाढत चाललंय, दारात सावकाराचा माणूस येतोय, अंगात ताप आहे आणि तरी पोरांना वळण लावायचं आहे. त्या बाईच्या थकव्याकडे माझं याआधी कधी लक्षच गेलं नव्हतं.

'कोसला'चंही तेच. एकोणिसाव्या वर्षी मी पांडुरंग सांगवीकरचं पुण्यातलं होस्टेल, त्याचं तिरकस बोलणं यांवर खुणा करत गेले होते. परवा पुन्हा वाचली तर त्याची धाकटी बहीण मनी देवीने जाते, त्या पानांवरून पुढे सरकता येईना. तिथे माझी एकही खूण नव्हती!

आणि एक खरंखुरं सांगते. काही गोष्टी हातातून सुटतातही. फास्टर फेणे आज वाचताना मजा येते, पण तो श्वास रोखून धरणं आता होत नाही. ते दहाव्या वर्षाचं होतं, तिथेच राहिलं. म्हणून तर म्हणते, आपल्या वर्गातलं, आपल्या घरातलं मूल ज्या वयात जे पुस्तक जीव टाकून वाचतंय, ते त्याला त्याच वयात वाचू द्या. ते नंतर तसं मिळत नाही.

"पण मग वळण कोण लावणार?"

हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. "मॅडम, गोष्टीबिष्टी राहू देत, स्कॉलरशिपचं पुस्तक द्या." आणि थोडे वाचणारे पालक असतील तर, "कॉमिक्सच वाचतोय, चांगलं कधी वाचणार?"

काळजी खोटी नाही. नुसतं सोडून दिलं तर मूल एकाच गोष्टीत अडकू शकतं, हे मी मान्य करते. वयाला न झेपणारं काही त्याच्या हातात पडू नये, हे बघणंही आपलं काम आहे. पण वळण म्हणजे पुस्तक हिसकावून घेणं नव्हे. मला जे जमलं आणि जे उपयोगी पडलं, ते सांगते :

1. तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचत असेल तर अडवू नका. लहान मुलाला ओळखीच्या गोष्टीत सुरक्षित वाटतं आणि वाचनाचा वेग तिथेच वाढतो.

2. पुस्तक अर्धवट सोडायची मुभा द्या. आपण मोठेही सोडतोच की!

3. प्रत्येक पुस्तकाचा सारांश मागू नका. "कोण आवडलं?" एवढं विचारा. सांगायचं असेल तर मूल आपणहून सांगतं.

4. नवं पुस्तक सुचवायचं असेल तर त्यातली पहिली दोन पानं मोठ्याने वाचून दाखवा आणि ऐन रंगात थांबा. पुस्तक टेबलावर ठेवून द्या. बाकीचं पुस्तकावर सोपवा.

5. कपाटात वेगवेगळ्या पायऱ्यांची पुस्तकं ठेवा. माधुरी पुरंदरे यांच्या 'वाचू आनंदे'मध्ये बाल गट आणि कुमार गट वेगळे केलेले आहेत, त्याचा चांगला उपयोग होतो. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे अंक इंटरनेटवर मोफत वाचायला मिळतात. ज्या शाळेत कपाटच नाही, तिथेही ते वाचता येतात.

6. पुस्तक भेट देताना आत नाव आणि तारीख लिहा. आज नाही वाचलं तरी चालेल. ती तारीख पुढे कधीतरी बोलेल.

7. आणि सर्वांत महत्त्वाचं, स्वतः वाचा. आपल्या लहानपणचं एखादं पुस्तक या सुट्टीत पुन्हा काढा आणि आता ते कसं वाटलं, हे मुलांना खरं खरं सांगा. मोठ्या माणसाचीही आवड बदलते, हे त्यांना कळलं पाहिजे.

त्या मुलाचं काय झालं?

मी त्याची माफी मागितली. कपाटाजवळच, बाकीच्या मुलांसमोर. म्हटलं, "फालतू म्हणाले ते चुकलं माझं. मी तुझ्याएवढी होते तेव्हा मीपण पांघरुणात बॅटरी घेऊन भुतांच्याच गोष्टी वाचायचे." त्याचे डोळे चमकले. "मग मॅडम, तुम्हाला भ्या नव्हतं वाटत?" मी म्हटलं, "वाटायचं की! म्हणून तर वाचायचे." त्याने ते पुस्तक चौथ्यांदा नेलं. त्यानंतर आणखी तीन नेली. तिन्ही भुतांचीच.

कार्व्हर अजून कपाटात आहे. त्याने ते परत मागितलेलं नाही. कदाचित पुढच्या वर्षी मागेल, कदाचित चोविसाव्या वर्षी, कदाचित कधीच नाही. मला अधूनमधून वाटतं, पुन्हा एकदा पुढे करून बघावं. मग अण्णांचं ते "बरं" आठवतं. त्यांना बारा वर्षं थांबता आलं. मी अजून शिकते आहे.