भांडण कंपन्यांचे, भुर्दंड ग्राहकाला



‘इंटरनेट कंपन्यांचे वाद हा त्यांचा आपसातला व्यवहार, ग्राहकाने सरळ दुसरी जोडणी घ्यावी’ हे एका पत्रलेखकाचे मत पटले नाही.

आमच्या इमारतीत ब्रॉडबँड कंपनी आणि तिचा स्थानिक केबलवाला यांचे थकबाकीवरून बिनसले आणि घरोघरी राउटरवर लाल दिवा लागला. कंपनी म्हणते केबलवाल्याला विचारा, केबलवाला म्हणतो पैसे कंपनीने घेतले. सहा महिन्यांचे शुल्क आगाऊ भरलेल्यांनी करायचे काय? दुसरी जोडणी घ्यावी, तर जिन्यातून वर आलेली वायरही त्याच केबलवाल्याची!

दाद मागण्यातही पारडे असमान आहे. परवानाधारक कंपन्या आपला तंटा थेट ‘टीडीसॅट’ या दूरसंचार लवादापुढे नेऊ शकतात. एकट्यादुकट्या ग्राहकाची तक्रार तिथे चालत नाही. ‘ट्राय’ हा दूरसंचार नियामकही वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. ग्राहक आयोगाचा मार्ग खुला असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. पण काही दिवसांच्या बंद सेवेसाठी तारखांचे हेलपाटे कोण घालणार?

२०१६ मध्ये जिओचे कॉल इतर कंपन्यांनी जोडून घेण्यावरून वाद पेटला, तेव्हा ट्रायने तीन कंपन्यांना एकूण ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली होती. म्हणजे असे वाद खासगी नसतात, हे नियामकानेच मानले आहे.

वाद मिटेपर्यंत सेवा तोडण्यास मनाई आणि बंद दिवसांचे पैसे अर्जाविना परत, एवढा नियम तरी सरकारने तातडीने करावा.

– एक ग्राहक, ठाणे