मीठ टाकलं, तरी क्लोरीन आहेच!



मागे एकदा आमच्या चौथीच्या वर्गात एक मुलगा हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमच्या बाबांच्या बंगल्यावर आता तलावात क्लोरीन टाकणार नाहीत. नुसतं मीठ!"

झालं! वर्गात खसखस पिकली. "म्हणजे पोहणाऱ्यांचं लोणचं घालणार काय रे?" असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंसुद्धा.

मी मात्र हसले नाही. सांगते का ते. आमची शाळा अलिबाग तालुक्यातली. इकडे मुंबईकरांचे पुष्कळ बंगले आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच बंगल्यांत छोटे पोहण्याचे तलाव आहेत. या मुलाचे बाबा अशाच एका बंगल्याची राखण करतात. तलावाची सफाईही त्यांच्याकडेच. दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एका रिकाम्या वाटणाऱ्या कॅनमध्ये ॲसिड ओतलं. कॅन रिकामा नव्हता. तळाला पातळ क्लोरीन उरला होता. भसकन पिवळसर-हिरवा धूर निघाला! नशीब, पंपाच्या खोलीचं दार उघडं होतं. ते धावत बाहेर आले, पण एक दिवस दवाखान्यात काढावा लागला आणि खोकला पुढे कितीतरी दिवस होता.

म्हणूनच मालकांनी मिठावर चालणारं यंत्र बसवायचं ठरवलं होतं, आणि म्हणूनच हा मुलगा इतका खुशीत होता. आता क्लोरीन नाही, म्हणजे बाबांना धोका नाही! पण मला शंका आली. नुसत्या मिठाने पाणी शुद्ध होत असतं, तर आपली ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल पावडर कशाला टाकते? मीठच नसतं का टाकलं? म्हटलं, आपण स्वतःच जाऊन बघू या.

शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं बंगल्यावर गेलो. फिटरकाका आलेच होते. त्यांनी आधी मेन स्विच बंद केला आणि मग खोक्यातून एक जाडसर नळी काढली. आत धातूच्या पातळ पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या. "ही सेल," काका म्हणाले. "पट्ट्या टायटॅनियमच्या आहेत. वरून रुथेनियमसारख्या महागड्या धातूच्या ऑक्साइडचा लेप आहे, म्हणून गंजत नाहीत."

तलावाचं पाणी कसं फिरतं, ठाऊक आहे? पंप ते ओढतो, फिल्टरमधून गाळून घेतो आणि परत तलावात सोडतो. काकांनी फिल्टरच्या पुढचा पाइप कापला आणि तिथे सेल बसवली, म्हणजे अगदी शेवटी. का बरं? कारण सेलमधून निघणारं पाणी क्लोरीनने तिखट झालेलं असतं. ते पंपातून, फिल्टरमधून न जाता सरळ तलावात गेलेलं बरं. सेलच्या दोन्ही टोकांना त्यांनी आट्यांची युनियन लावली, म्हणजे पुढे साफ करायला ती हाताने सोडवता येईल. नळीवर बाण होता. पाणी त्याच दिशेला वाहायला हवं.

विजेची पेटी लावली भिंतीवर, सावलीत, तलावापासून लांब. तिचं कनेक्शन पंपाबरोबर जोडलं. पंप बंद, की सेल बंद! शिवाय पाणी खरंच वाहतंय का, हे बघणारा एक छोटा स्विचही होता. सेलमध्ये हायड्रोजन वायूसुद्धा तयार होतो. वाहत्या पाण्याबरोबर तो बुडबुड्यांनी निघून जातो. पाणी थांबलं आणि सेल चालूच राहिली, तर तो आत साठून सेल फुटू शकते. अर्थिंग तपासली आणि जरा वीज गळली तरी क्षणात लाइन तोडणारा ब्रेकरही बसवला. पाणी आणि वीज शेजारी शेजारी म्हटल्यावर इथे चालढकल नाही. पाइपचं सोल्युशन वाळायला रात्रभर ठेवलं.

रविवारी मिठाची पाळी. आणि इथे आमचा चौथीचा गणिताचा तासच झाला! तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल. गुणाकार करा बरं. ४० घनमीटर, म्हणजे ४०,००० लिटर पाणी. या यंत्राला दर लिटरमागे साडेतीन ग्रॅम मीठ लागतं. काकांनी मीटर बुडवून पाहिला, तर पाण्यात आधीच लिटरला अर्धा ग्रॅम मीठ निघालं.

"मीठ न टाकताच?" मुलाने विचारलं.

"इतकी वर्षं जो क्लोरीन टाकलात, त्याचंच शेवटी मीठ झालंय," काका म्हणाले.

तेव्हा लिटरला ३ ग्रॅम टाकायचं राहिलं. ४०,००० गुणिले ३, म्हणजे १,२०,००० ग्रॅम. १२० किलो! मुलाने वाळूत काडीने गणित सोडवलं आणि बरोबर आलं. हे ऐकून घाबरू नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे याच्या दहापट. आपल्या डोळ्यांतल्या पाण्यातसुद्धा या तलावापेक्षा जास्त मीठ आहे.

बाबांनी मिठागरातल्या खड्या मिठाचं एक पोतं आणून ठेवलं होतं. आपलं मीठ, शिवाय स्वस्त! पण काकांनी ते परत न्यायला सांगितलं. त्यात माती, कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. पट्ट्यांवर त्यांचा थर बसतो. स्वयंपाकाचं आयोडीनचं मीठही चालत नाही. लागतं ते स्वच्छ, शुद्ध मीठ. पोती तलावात पसरून ओतली, ब्रशने ढवळली आणि पंप चालू ठेवला. सेल मात्र बंदच. मीठ सगळीकडे नीट मिसळायला एक दिवस द्यावा लागतो.

सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही पुन्हा हजर! काकांनी सकाळीच सेल सुरू केली होती. संध्याकाळी त्यांनी एका छोट्या नळीत तलावाचं पाणी घेतलं आणि वर औषधाचे थेंब टाकले. पाणी झालं पिवळं.

"बाई!" मुलगा ओरडलाच. "आपल्या विहिरीच्या पाण्याला पण असाच रंग येतो! टीसीएल टाकल्यावर!"

अगदी बरोबर ओळखलं त्याने. तो रंग क्लोरीनचाच होता. क्लोरीन टाकला नव्हता कुणी, पण तो तिथे होता.

हे कसं झालं? मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन यांची घट्ट फुगडी. मीठ पाण्यात विरघळलं, की त्यांचे हात सुटतात आणि दोघं वेगवेगळे फिरू लागतात. तेव्हाचा क्लोरीन अगदी शांत असतो, जंतूंना काही करत नाही. सेलच्या पट्ट्यांमधून वीज गेली, की त्याचा खरा क्लोरीन वायू होतो, आणि तो पाण्यात विरघळून जंतू मारणारं औषध तयार होतं. काम झालं, की तोच क्लोरीन शांत होऊन पुन्हा मिठात जमा! म्हणून मीठ रोज टाकावं लागत नाही. ते कमी होतं ते पाणी बाहेर उडाल्याने, फिल्टर धुतल्याने आणि आपल्या कोकणातल्या पावसात तलाव भरून वाहिल्याने. (असं खारट पाणी भातखाचरात मात्र सोडायचं नाही हं!)

क्लोरीन वायू प्रथम तयार केला शेले या शास्त्रज्ञाने, १७७४ साली. हे मूलद्रव्य आहे हे ओळखून त्याला नाव दिलं हम्फ्री डेव्हीने, १८१० साली. ग्रीक भाषेत 'क्लोरोस' म्हणजे फिकट हिरवा. बाबांनी पाहिलेल्या धुराचा रंगच तो.

नळीतला पिवळा रंग बाबा बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे क्लोरीन गेला नाहीच. मग ॲसिड तरी सुटलं ना?"

काकांनी मान हलवली. "नाही दादा. या यंत्राने पाण्याचा पीएच हळूहळू वर चढतो. तो ७.२ ते ७.६ च्या आसपास ठेवायला अधूनमधून थोडं ॲसिड लागणारच. पट्ट्यांवर थर बसला, तर धुवायलाही लागेल. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. आणि पाणी तपासायचं कामही सुटलेलं नाही."

मुलाचा चेहरा पडला. पंपाच्या खोलीत उरलेला क्लोरीनचा कॅन अजून ॲसिडच्या शेजारीच होता. दोन्ही कॅन सारखेच पांढरे. दोन्हींवर सूचना होत्या, चांगल्या ठळक होत्या, पण इंग्रजीत. बाबा शिकलेत मराठी चौथीपर्यंत. त्यांनी त्या वाचायच्या कशा?

मुलगा काही बोलला नाही. दप्तरातून त्याने चित्रकलेची वही काढली. मोठ्या अक्षरांत दोन चिठ्ठ्या लिहिल्या आणि खोलीबाहेर उभं राहून बाबांच्या हातात दिल्या. एकीवर, 'ॲसिड. क्लोरीनमध्ये कधीही ओतू नका.' दुसरीवर, 'क्लोरीन. ॲसिडपासून लांब ठेवा.' बाबांनी त्या मोठ्याने वाचल्या, चिकटवल्या आणि क्लोरीनचा कॅन उचलून अंगणापलीकडच्या दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला.

मुलांनो, यंत्र चांगलंच आहे. क्लोरीनचे जड कॅन आणायचे, साठवायचे, ओतायचे, हे सारं त्याने वाचतं. पण 'आता काही धोकाच नाही' असं आपण म्हणालो, की तिथेच चूक होते.

आता तुमच्यासाठी काम. घरी आई-बाबांना घेऊन न्हाणीघरातल्या बाटल्या बघा. संडास साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर शेजारी शेजारी आहेत का? असतील तर मोठ्यांना सांगून वेगळ्या ठेवायला लावा. घरात कुणाला इंग्रजी वाचता येत नसेल, तर मराठीत चिठ्ठ्या लिहून द्या. बाटल्यांना हात मोठ्यांनीच लावायचा.

आणि एक सक्त ताकीद! मिठाच्या पाण्यात बॅटरीच्या वायरी बुडवून क्लोरीन बनवायला जाऊ नका. तो वायू घरात कोंडला, तर काय होतं ते आत्ताच वाचलंत. त्यापेक्षा एक लिटर पाण्यात सपाट अर्धा चमचा मीठ विरघळवा आणि थेंबभर जिभेवर ठेवा. साधारण तशीच त्या तलावाची चव!

बरंय तर, पुढच्या आठवड्यात भेटू.

तुमच्या,
बाई